कुत्र्याच्या नखांचं सोवळं

आमच्या कुत्र्याची नखं वाढली की ती फरशीवर वाजतात. अमरावतीला माझ्या घरी टीव्ही, मिक्सर, दारावरची भाजीवाली, कशात तरी तो आवाज बुडून जातो. अकोल्याला जुन्या शहरातल्या बाबांच्या घरी मात्र उन्हाळ्याच्या दुपारी चिटपाखरू नसतं, आणि बाबा कानाचे तिखट. आम्ही पोचलो त्याच दुपारी ते आतल्या खोलीतून ओरडले, "कोन टायपिंग करून राहिलं वं?"

"कुत्रा चालून राहिला, बाबा."

आई गेल्यापासून शाळेला सुट्टी लागली की मी बॅग आणि कुत्रा घेऊन अकोल्याला येते. कुत्रा पांढरा पामेरियन. माझ्या लेकीनं हट्टानं आणला आणि ती शिकायला पुण्याला गेली, तो राहिला माझ्याकडे. तिनं ठेवलेलं त्याचं इंग्रजी नाव बाबा कधी उच्चारत नाहीत. ते त्याला 'प्राणी' म्हणतात, आणि तोही त्याला ओ देतो.

"अमरावतीला मी डॉक्टरांकडे नेऊन नखं कापून घेते," मी म्हटलं. "निघायच्या गडबडीत राहिलं. इथं कोणी चांगला डॉक्टर आहे का?"

"नखं कापाले डॉक्टर? पैसे घेते तो?"

"घेतात की. आंघोळ, केस, कान, नखं, सगळ्याचं मिळून पॅकेज असतं."

पॅकेज म्हटल्यावर बाबांनी चष्मा काढला. बाबा भिक्षुकी करत आले, सगळं जुनं शहर त्यांना महाराज म्हणतं. "मी जल्मभर मुंजी लावल्या, लग्नं लावली, वास्तुशांती केल्या. कोनाले पॅकेज नाई सांगतलं. लस टोचाची असन, आजारी पडला असन, तर ने डॉक्टरकडे. बाकी सारं घरी. आपल्याले हात नाईत काय?"

असं म्हणून त्यांनी स्वतःचे दोन्ही हात उपरण्याखाली घेतले. ते हातच तर सगळ्या भानगडीचं मूळ होते.

बाबांचा उजवा हात थरथरतो. डावाही थोडा, पण उजवा जास्त. गोळ्या चालू आहेत, आणि डॉक्टरांनी सांगितलंय की कंप थोडा कमी होईल, जाणार नाही. गेल्या वर्षी एका गृहशांतीत तीर्थ देताना पळी अशी काही हलली की तीर्थ यजमानाच्या तळहातावर न पडता थेट त्याच्या नव्या झब्ब्याच्या बाहीत गेलं. मागे कुणीतरी खुदकन हसलं. त्या दिवसापासून बाबांनी एकही पूजा घेतली नाही. कुणी बोलवायला आलं की वय झालं म्हणायचे. ज्या माणसाचा एका दिवसात दोन लग्नं लावूनही घसा बसलेला मी पाहिला नाही, तो माणूस दिवसभर खिडकीशी बसून समोरच्या घरावरची माकडं बघत होता. मला ते बघवत नव्हतं.

आणि या वेळी आल्या आल्या मला त्यांची नखं दिसली. वाढलेली, एक-दोन तुटून वाकडी झालेली. त्यांना आता स्वतःची नखं कापता येत नव्हती आणि ते दुसऱ्या कुणाला कापू देणार नव्हते. मी म्हटलं, "आणा, मी कापून देते." तर म्हणाले, "आज सोमवार हाय." पुढच्या दिवशी म्हणाले, "मंगळवारी कोनी नखं कापते काय?" गुरुवार गुरूचा, शनिवार शनीचा, रविवार सूर्याचा. उरले बुधवार आणि शुक्रवार, त्यात एखादी एकादशी, चतुर्थी, अमावस्या, नाहीतर त्यांचं जन्मनक्षत्र निघायचंच. पंचांग त्यांच्या हातात, मी काय बोलणार? मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या घरात माझ्या विषयाला कधीच मार्क नव्हते.

कुत्र्याला मात्र शनीही नव्हता आणि जन्मनक्षत्रही नव्हतं. मी ठरवलं, आधी याला धरू.

फडताळातल्या डब्यात बाबांचं जुनं नेलकटर होतं, ते घेतलं. नखाच्या आत रक्तवाहिनी असते, पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, तिच्या बरंच अलीकडे थोडं थोडं कापायचं, हे सगळं मला ठाऊक होतं. कुत्र्याला ते ठाऊक नव्हतं, एवढीच अडचण. मी पंजा हातात घेतला मात्र, एवढंसं जनावर, पण त्यानं असा काही गळा काढला की समोरच्या घरावरची माकडं उठून गेली. मी त्याला टॉवेलात गुंडाळलं. तो टॉवेलासकट पळाला. माजघरातून स्वयंपाकघरात, तिथून थेट देवघरात, आणि तिथे देवांच्या समोरच्या चौरंगाखाली जाऊन बसला. त्याला ओढून काढताना एकच नख कापलं गेलं आणि तेही जरा जास्त. रक्ताचा ठिपका आला. मी बाबांच्या दाढीच्या सामानातली तुरटी दाबून धरली, तेव्हा ते थांबलं.

देवघर धुवावं लागलं, बाबांना पुन्हा आंघोळ करावी लागली. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण आंघोळ करून आले ते चक्क खुशीत.

"ते नेलकटर आता प्राण्याचं झालं," ते म्हणाले. "माह्या काही कामाचं नाई राहिलं."

त्यांना नखं न कापायला एक नवं निमित्त मिळालं होतं, आणि तेही मी माझ्या हातानं दिलं होतं. मला असा राग आला की मी तशीच उन्हात बाजारात गेले आणि नवंकोरं नेलकटर घेऊन आले. ते त्यांच्यासमोर ठेवलं. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"शनिवारी लोखंड घरात आनतेत काय वं?"

"बाबा, हे स्टीलचं आहे."

"स्टील काय आभायातून पडते? लोखंडच हाय ते. तूच शिकवत असशीन पोरायले."

हे मी खरोखरच शिकवते. शनिवारचं लोखंड घराबाहेर, ओसरीच्या कोनाड्यात गेलं.

पुढचे काही दिवस मी नखांचा नाद सोडून बाकीच्या पॅकेजकडे वळले. रिठे भिजवून त्या पाण्यानं कुत्र्याला मागच्या अंगणात आंघोळ घातली. आंघोळ त्याला आवडते, कारण तो अंग झाडतो तेव्हा आंघोळ घालणाराही भिजतो. मग कूलरसमोर बसवून वाळवायचं, कापसानं बाहेरून कान पुसायचे, गोचीड दिसतो का बघायचं. विंचरायला बसले की इतके केस निघायचे की दुसरा कुत्रा तयार व्हावा. ते मी अंगणात झटकायचे आणि बुलबुल चोचीत भरून न्यायचे. बाबा खिडकीतून सूचना करायचे: तिकडून विंचर, पोटाखाली राहिलं, पानी थंडं हाय काय पाह्य. घरात बोलताना ते 'पानी' म्हणतात, मंत्रात त्यांचा ण असा काही खणखणीत लागतो की ऐकणारा सरळ बसतो.

सरळ बसायचं रहस्य मला कुत्र्यामुळेच कळलं. सकाळी बाबा घरच्या देवांची पूजा करतात. तिथे पळी हलली तरी बघायला देवाशिवाय कुणी नसतं. देवघराच्या उंबऱ्याबाहेर तरटाचा एक तुकडा टाकलेला आहे, तिथे कुत्रा बसतो. पहिला मंत्र सुरू झाला की शेवटच्या मंत्रापर्यंत तो हलत नाही, कारण शेवटी सुक्या खोबऱ्याचा तुकडा मिळतो हे त्याला पाठ आहे. एके सकाळी मी सहज त्याच्या मागे बसून विंचरत होते. कानामागे केसांची एक गुठळी झाली होती, जिला हात लावला की तो एरवी दात दाखवायचा. पूजा चालू असताना मी ती अख्खी सोडवली आणि त्याला पत्ता नाही. डोळे देवाकडे, म्हणजे खोबऱ्याकडे.

दुपारी मी बाबांना म्हटलं, "बाबा, अर्धा तास मंत्र म्हणता का? मी नखं कापते त्याची."

बाबा माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांना ऑर्केस्ट्रात गायला सांगितलं होतं. "कुत्र्याच्या नखाले मंत्र? मले काय कुत्र्याचा भट समजली काय तू?"

"मग डॉक्टरांकडे नेते. पॅकेजच घेऊन टाकते."

पैसे वाचवायची ओढ आणि सोवळं यांची मारामारी त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. शेवटी म्हणाले, "मंत्र नाई म्हननार. त्याले काय समजते? चाल तेवढी देतो."

आणि त्यांनी ओसरीवर मांडी घातली, डोळे मिटले आणि पूजेच्या खड्या सुरात सुरू केलं, "श्वा श्वानौ श्वानः. श्वानम् श्वानौ शुनः."

हे शाळेतलं संस्कृत. कुत्रा या शब्दाची रूपं ते कुत्र्याला म्हणून दाखवत होते. मला हसू आवरेना. कुत्रा मात्र मी ओसरीवर आणून टाकलेल्या तरटावर येऊन असा बसला, जणू पूजेला बसलेला यजमानच. तृतीया, चतुर्थी, पंचमी होईपर्यंत त्याचे पुढचे दोन्ही पंजे झाले होते. संबोधन संपलं तेव्हा मागचा एक पाय राहिला होता, तर बाबांनी न थांबता 'वानरः' घेतला. शेवटी खोबरं द्यावं लागलं. ते कुत्र्यानं मागितलंही नाही, फक्त बाबांकडे बघत राहिला, आणि बाबाच उठून गेले.

ही गोष्ट गल्लीत पसरायला वेळ लागला नाही, कारण शेजारी वकील राहतात. वकीलसाहेबांकडे लॅब्रेडॉर आहे, त्यांच्या अशिलांपेक्षा जास्त खाणारा. तो नखं कापू देत नव्हता आणि डॉक्टरकडे नेलं की जीपमधून उतरतच नव्हता. ते त्याला घेऊन दारात उभे राहिले. "महाराज, आमचाही शुद्ध करून द्या."

बाबा म्हणाले, "मी काही करत नाई, ताई करते. मी आपला बसलो राहतो." आणि तीन विभक्त्या झाल्यावर लॅब्रेडॉर आमच्या ओसरीवर आडवा पडून घोरायला लागला. त्याला तर अजून खोबऱ्याचं माहीतही नव्हतं. मग कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाईंची मांजर आली. मांजरीसाठी 'मार्जारः' म्हणावं की 'बिडालः' यावर बाबांनी दुपारभर विचार केला. मांजर विभक्तीला बधली नाही, तिनं मला ओरबाडलं आणि बाबांच्या मांडीवर जाऊन बसली. तिला त्यांनी झटकलं नाही. सोवळं संध्याकाळच्या आंघोळीवर ढकललं.

वरवर ते कुरकुरत. "डोकं उठवलं या जनावरायनं." पण दुपारी चहा झाला की गंध लावून, धूतवस्त्र नेसून ओसरीवर हजर असायचे, आणि कुणी आलं नाही तर गल्लीच्या टोकापर्यंत बघून यायचे. आवाज परत आला होता. वर्षभरानं तो आवाज त्या घरात भरलेला ऐकला की मला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडू यायचं आणि मी ते फोडणीवर ढकलायचे.

हात मात्र उपरण्याखालीच. नखांचा विषय काढला की पंचांग बाहेर.

मग एका गुरुवारी वकीलसाहेब कुत्र्याशिवाय आले. त्यांच्या मुलाचं कोर्टाजवळ नवं ऑफिस होत होतं, रविवारी सकाळी पूजा करायची होती. "महाराज, तुमीच या."

"माहं वय झालं," बाबा म्हणाले.

वकीलसाहेब साक्षीदाराला बोलतात तसं बोलले. "वय नाई झालं, हात हालते. सगळ्या गल्लीले मालूम हाय. आमी काय हात पाहाले बोलावून राहिलो काय? कुत्र्याले जो आवाज देता, तो आमच्या पोराले द्या."

बाबा उठून आत गेले. मी वकीलसाहेबांवर चिडले, "असं तोंडावर बोलतात का कुणाला?" ते म्हणाले, "कोनी तरी बोलाच लागते, ताई. तुमी तर बोलून नाई राहिल्या." आणि मला त्यांचा आणखी राग आला, कारण ते खरं होतं.

शुक्रवारी बाबा ओसरीवर आले नाहीत. चहाच्या वेळी कुत्रा आपण होऊन तरटावर जाऊन बसला, दाराकडे बघत. लॅब्रेडॉर येऊन गेला. शेवटी मी आतल्या खोलीत गेले आणि जे इतके दिवस पोटात होतं ते बोलून टाकलं. "तुमचा हात हलतो ते मला दिसतच नाही बाबा. मला तुमची नखं दिसतात. गल्लीतल्या सगळ्या जनावरांची नखं कापून झाली, आणि माझे बाबा असे बसलेत. मला लाज वाटते. तुमची नाही, माझी वाटते."

ते म्हणाले, "आज शुक्रवार हाय."

"शुक्रवार चालतो!"

"आज चतुर्थी हाय," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी दार इतक्या जोरात लावलं की कूलरची गवताची टट्टी निखळली.

शनिवारी दुपारी मी ओसरीवर कुत्र्याला विंचरत होते, त्याचं नेलकटर बाजूलाच पडलं होतं. ऊन इतकं होतं की वरची पत्र्याची शेड वाजत होती. बाबा बाहेर आले, गंध लावलेलं नव्हतं. इकडेतिकडे बघितलं. गल्लीत कुणी नव्हतं. त्यांनी कुत्र्याला पायानं हळूच बाजूला सारलं, "सरक रे प्राण्या," आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले. उपरण्याखालून उजवा हात काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

मी म्हटलं, "बाबा, आज शनिवार आहे."

"काप मुकाट्यानं."

"नवीन वर कोनाड्यात आहे, आणते."

"राहू दे. हे धू अन् काप."

मी प्राण्याचं नेलकटर साबणानं धुऊन आणलं. त्यांचा हात घेतला. तो माझ्या हातात असा थरथरत होता, जणू आत काहीतरी धडपडतंय. मी तो घट्ट धरून स्थिर करायला गेले, तर आणखीच थरथरला. मग मी धरणं सोडलं. हात जसा हलेल तसं माझंही मनगट हलू दिलं, त्याच्यासोबत गेले, आणि मध्येच कधीतरी जुळलं की चटकन थोडंसं कापलं. एकेका नखाला बराच वेळ लागला. मंत्र नाही, विभक्ती नाही. बाबा त्या हाताकडे बघत होते. वर्षभरात पहिल्यांदा मी त्यांना तो लपवताना नाही, बघताना पाहिलं. माझे डोळे भरून आले होते आणि मला कापताना दिसत नव्हतं, म्हणून मी मध्ये मध्ये थांबत होते. त्यांना वाटत होतं मी मापानं कापतेय.

करंगळी झाली. त्यांनी हात उजेडात धरून बघितला. "अंगठ्याचं तिरपं कापलं तुनं."

"हलत होता तो."

"हालतेच तो," ते म्हणाले. हे ते इतक्या साधेपणानं म्हणाले की मी खाली मान घालून नखं वेचायला लागले.

मग मी डाव्या हाताकडे हात पुढे केला. त्यांनी तो मागे घेतला, उपरण्याखाली नेला आणि उठले.

"डाव्याचं राहू दे, पुढं पाहू. तीर्थ उजव्या हातानं देतेत."

असं बोलून ते आत गेले. आणि मग कुत्र्याला ओलांडून, चपला न घालता, त्या भाजणाऱ्या रस्त्यावरून मी वकीलसाहेबांचं दार वाजवायला पळाले.